चुलत पणजोबा 'परागंदा', त्यांची बायको आणि मुलगा कुठे गेले? नाशिककरांनो मदत करा

सिडकोतला_सिन्नरकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. आम्ही मूळचे सिन्नर तालुक्यातले, आता बरीच वर्षं सिडकोत. काकांच्या मुलाचं लग्न जमेना म्हणून कुणीतरी पितृदोष सांगितला आणि काकांनी त्र्यंबकला नारायण नागबळी करायचं ठरवलं. माझा विश्वास नाही, पण काकांशी वाद कोण घालणार. तर गुरुजींनी फोनवर विचारलं की घरात कुणी अकाली गेलंय का, घर सोडून गेलंय का, असेल तर नाव लागेल. काका म्हणाले नाही, तसं कुणी नाही. आजी शेजारी बसून दुधात भाकरी चुरत होती, तिचा हात थांबला आणि म्हणाली, हाये एक, पण त्याचं नाव घेत नाहीत या घरात.

मग पुढचे तीन-चार दिवस थोडं थोडं करून जे बाहेर आलं ते असं. पणजोबांना एक धाकटा भाऊ होता, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, माझ्या वडिलांना सुद्धा (किंवा ते तसं दाखवतायत). बसऱ्याच्या लढाईला (पहिल्या महायुद्धात, इराकमध्ये) गेला होता म्हणे आणि तिथून आला तो बदलूनच आला. रात्री उठून वाड्यात पहारा द्यायचा, पोरांनी फटाका वाजवला की गोठ्यात गव्हाणीखाली जाऊन बसायचा. लग्न झालं, मुलगा झाला, आणि मग एकदा जुवाची शिवळ उपसून त्याने सख्ख्या भावाच्या, म्हणजे आमच्या पणजोबांच्या, कपाळात घातली. ती खोक आजीने स्वतः बघितलीय. त्यानंतर त्याला साखळीने बांधून ठेवायचे. आणि एक दिवस तो नव्हताच. कुणी म्हणायचं येरवड्याला नेला, कुणी देवळालीला, कुणी बैराग्यांबरोबर गेला. बायको पोराला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. माहेर निफाडकडचं, नदीच्या काठचं, यापुढे आजीला काही माहीत नाही कारण तिचं लग्न १९५७ चं, सगळं सासूकडून ऐकलेलं.

काकांना पूजेपुरतं नाव हवंय, ते आजीने शेवटी सांगितलं. मला त्या मुलाचं काय झालं ते हवंय. जगला असेल तर त्याची नातवंडं आमच्याच वयाची असतील, कदाचित नाशकातच असतील, त्रिमूर्ती चौकात सिग्नलला शेजारी उभी राहत असतील. सुरुवात कुठून करू? हॉस्पिटलचं जुनं रेकॉर्ड मिळतं का?

गोदातीर

तुम्ही रामकुंडापासून पंधरा मिनिटांवर राहता आणि इथे विचारताय, कमाल आहे. 😀 आधी तीर्थोपाध्यायांकडे जा. रामकुंडावर कुणालाही गाव आणि आडनाव सांगा, तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते पाच मिनिटांत कळेल. त्यांच्याकडे नामावळीच्या वह्या असतात. अस्थी घेऊन, नाहीतर नुसतं स्नानाला म्हणून आलेल्या माणसाने त्यात आपलं नाव, बापाचं, आजोबांचं, भाऊ, मुलं, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची, लिहिता येत नसेल तर उपाध्ये लिहून घ्यायचे. पितृपक्षात मात्र जाऊ नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. श्रावणाच्या आधी सकाळी दहानंतर जा आणि दक्षिणा द्या, वही उघडायला लावून फोटो काढून पळणारे फार झालेत.

आता महत्त्वाचं. तुमच्या घराच्या पानावर तो धाकटा बहुतेक नसेलच, घरचेच नाव घेत नव्हते तर वहीत कोण लिहिणार. तुम्ही बाईच्या माहेरचं पान शोधा. तिचा भाऊ कधीतरी आईच्या नाहीतर बापाच्या अस्थी घेऊन आलाच असणार, तेव्हा घरात राहणारी बहीण आणि भाचा यांची नावं त्याने सांगितली असतील. माझ्या मावशीच्या सासरचा एक तुटलेला धागा आम्हाला असाच सापडला, मामाच्या पानावर. सिंहस्थाच्या वर्षांची पानं नीट बघा, दर बारा वर्षांनी गावंच्या गावं यायची. आणि तारखेच्या जागी शके असतं, त्यात ७८ मिळवले की इसवी सन.

माहेरचं आडनाव तरी माहितीये ना? नसेल तर आजीला विचारा त्या घरची दुसरी कुठली मुलगी गावात दिली होती का. बायकांना सन लक्षात राहत नाहीत, सोयरिकी बरोबर राहतात.

निवृत्त_भाऊसाहेब

चिरंजीव, मी तलाठी म्हणून सगळी नोकरी याच जिल्ह्यात केली म्हणून चार गोष्टी सांगतो. वेड्या माणसाचा शोध त्याच्या वेडातून लागत नाही, जमिनीतून लागतो. माणूस गावातून जातो पण त्याचा हिस्सा जात नाही, त्याचं काहीतरी करावंच लागतं आणि केलं की कागद होतो.

आजच्या सातबाऱ्यावर गोलात जे आकडे दिसतात ते फेरफार नंबर, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाला की होणाऱ्या नोंदीचे. तिथून मागे मागे जायचं. मध्येच गाडी अडेल कारण १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, तेव्हा आपल्या गटात जुने कुठले सर्व्हे नंबर आले ते एकत्रीकरणाच्या तक्त्यात बघून घ्या आणि मग जुन्या नंबराने पुढे, म्हणजे मागे, जा. हक्कनोंदणी आपल्याकडे १९०३ च्या कायद्याने सुरू झाली, त्यामुळे १९२०-३० चा फेरफार असायला हरकत नाही. नाशिक जिल्ह्याचे जुने फेरफार बरेचसे स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर आलेत, घरी बसून बघता येतात, नाही दिसले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. लगेच माहिती अधिकार टाकू नका, सगळे आजकाल तेच करतात आणि समोरचा माणूस आधीच आकसतो.

आता वाचायचं कसं. जमीन एकट्या थोरल्याच्या नावावर दिसली तर घाबरू नका, नावापुढे ए.कु.मॅ. आहे का बघा, एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे भाऊ आहेत पण कागदावर एकच. आणि मुलगा लहान असेल तर अ.पा.क. शोधा, अज्ञान पालन कर्ता, त्याच्यापुढे आईचं नाव असतं. त्या काळात बाईचं नाव सरकारी कागदावर यायची ही हमखास जागा. नोंद कशावरून झाली तेही वाचा, कुणाच्या वर्दीवरून म्हणजे खबर कुणी दिली, साक्षीला कोण, हरकत आली का.

दुसरं म्हणजे गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात ते, जन्ममृत्यूचं. त्यात मुलाचं नाव बहुधा नसतं, अमुक याला मुलगा झाला एवढंच, पण बापाचं नाव माहीत असल्याने तुमचं भागेल. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात हे सगळे दप्तर पुन्हा उघडलं गेलं, बरंच स्कॅनही झालं, नाहीतर कित्येक वह्या वाळवीच्या पोटात गेल्या असत्या. धाकट्याच्या मृत्यूची नोंद गावात सापडली नाही तर तो गावाबाहेर गेला एवढं तरी पक्कं होईल.

आणि मुलगा मामाच्या गावी शाळेत गेला असेल तर तिथल्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर बघा, जुन्या लोकल बोर्डाच्या शाळा त्याच. मुख्याध्यापकांना भेटायला जाताना सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

मोडी_शिकतोय

भाऊसाहेबांना अनुमोदन, फक्त एक. १९२०-३० ची नोंद मोडी लिपीत असण्याची शक्यता बरीच आहे. स्वतः वाचायचा प्रयत्न करून 'आमचं नाव नाहीये' असं ठरवू नका. मोडीत आधी ओळीभर रेघ मारतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व दीर्घ बघत नाहीत, त्यामुळे माणसाचं नाव संपून गावाचं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. मी एकदा एका काकांना त्यांचे आजोबा 'चांदोरी' नावाचे होते असं सांगून बसलो होतो 🙈 फोटो सावली न पडू देता काढा, पूर्ण पान काढा, नुसती तुमची ओळ नको, आजूबाजूच्या नोंदींवरून लिहिणाऱ्याचा हात कळतो.

कॅम्पवाली

मी देवळाली कॅम्पची, त्यामुळे 'देवळालीला नेला' वाचून थांबले. तुम्हाला माहितीये का, इंग्रजांच्या बोलीत वेड लागलेल्याला 'डूलाली' म्हणतात ते आमच्या देवळालीवरून. गोरे सोल्जर मायदेशी जायच्या बोटीची वाट बघत इथे महिनोन्महिने पडून राहायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने डोकी फिरायची, 'डूलाली टॅप' म्हणायचे, त्यातला टॅप म्हणजे आपला ताप. आमच्या गावाचं नाव जगात गेलं ते असं. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी हॉस्पिटलं होती हे खरं, पण तुमचे चुलत पणजोबा घरी येऊन, लग्न होऊन, मुलगा होऊन मग बिघडले, तेव्हा सुटलेल्या माणसाला परत लष्कर का ठेवून घेईल? मला वाटतं बसऱ्याहून परत येताना ते इथे उतरले असतील आणि घरच्यांनी दोन गोष्टी एकात कालवल्या.

बसऱ्याला गेलेला प्रत्येक जण शिपाई नव्हता हे पण लक्षात ठेवा. मराठा पलटणी होत्याच, कुटच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ अडकल्या आणि शेवटी सगळे कैद झाले, त्यातून जे जिवंत आले त्यांना रात्री झोप लागली नाही तर नवल नाही. पण खेचरवाले होते, हमाल होते, तुरुंगातून काढून पाठवलेले कैदी सुद्धा होते. घरात मेडल आहे का? त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं असेल तर बहुतेक शिपाई, ब्राँझचं असेल तर लेबर कोअरसारख्या तुकडीतला.

येरवड्याबद्दल. तेव्हा १९१२ चा कायदा होता, त्यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय असं कुणाला आत ठेवता येत नसे. म्हणजे पोलिसांनी नाहीतर घरच्यांनी आधी मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं असणार. ठाण्याचं हॉस्पिटलही तेव्हा होतं, ते धरून चला. लेखी अर्ज द्या, नातं दाखवणारी वंशावळ जोडा, अंदाजे साल लिहा. २०१७ च्या कायद्याने पेशंटची माहिती गोपनीय असते म्हणून ते लगेच वही पुढे करणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर करू पण नये. माझा स्वतःचा मामा एका हॉस्पिटलात (कुठल्या ते सोडा) अकरा वर्षं होता, त्याचे कागद उद्या कुणी हौसेने वाचत बसलं तर मला नाही आवडणार. तुम्ही हौसेने करत नाही आहात हे कळतंय.

बघ्या_नाशिक

सगळे ज्ञान देतायत पण कुणी मुद्द्याचं बोलत नाही. भाऊ, तुमची जमीन सिन्नरला रोडटच आहे का? असेल तर वारस शोधून दारात बोलवताय तुम्ही. उद्या ते वकील घेऊन आले की नागबळी पण कामी येणार नाही. तुमचे वडील गप्प आहेत ते उगाच नाही.

सिडकोतला_सिन्नरकर

बघ्याभाऊ, हेच वडील म्हणाले, फक्त इतक्या सभ्य भाषेत नाही.

कॅम्पवाली ताई, मेडल होतं! आजीने सांगितलं, एका बाजूला राजाचं तोंड असलेलं चांदीचं. आत्याच्या बारशाला मोडून पैंजण केले. म्हणजे नाव, नंबर, पलटण सगळं आत्याच्या पायात गेलं आणि पैंजण पुढे सिन्नरच्या बाजारात हरवले. पण चांदीचं होतं म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणे शिपाई असावेत. फेरफार बघायला घेतो, महिन्याभरात सांगतो.

सिडकोतला_सिन्नरकर

महिना म्हणालो होतो, साडेतीन झाले, सॉरी. बरंच सापडलंय आणि सगळंच आवडलेलं नाही.

फेरफार ऑनलाइन मिळाला, मोडीतच होता, मोडी_शिकतोय यांनी वाचून दिला (चहा उधार आहे माझ्यावर). १९२८ ची नोंद. धाकटा वेडसर होऊन परागंदा झाला, सबब त्याच्या निम्म्या हिश्श्याला अज्ञान मुलगा, वय ६, अ.पा.क. आई. म्हणजे त्या दोघांची नावं आहेत! मी ऑफिसात होतो, वॉशरूममध्ये जाऊन दोनदा वाचलं. मग १९३१ ची दुसरी नोंद. आई-मुलगा गावात राहत नाहीत, आईने पाट लावला आहे (म्हणजे दुसरं लग्न केलं), म्हणून नाव कमी. वर्दी देणार आमचे पणजोबा. साक्षीदार दोन, हरकत नाही.

रामकुंडावर पहिल्या वेळी काही मिळालं नाही, आमच्या घरच्या पानावर धाकटा नाहीच, गोदातीर म्हणाले तसंच. मग आजीला माहेरवाशिणींचं विचारत बसलो, त्यातून आडनाव निघालं आणि आडनावावरून कादवा नदीच्या काठचं गाव. त्या गावच्या उपाध्यायांनी वही काढली, लाल कापडात गुंडाळलेली, पानं आडवी लांब. शके १८५७. बाईचा भाऊ आईच्या अस्थी घेऊन आला होता, बरोबर बहीण आणि भाचा. बहिणीचं नाव आमच्या आडनावाने लिहिलंय. १९३५ साली. पाटबिट काही नाही.

आणि त्याखाली मुलाने स्वतः सही केलीय. बाकी सगळं पान मोडी आणि ही एक ओळ बाळबोध म्हणजे देवनागरी, शाळेतल्या पोराची, रेघेच्या वर-खाली जाणारी मोठी मोठी अक्षरं. तेरा वर्षांचा असेल. स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, आणि पुढे गाव म्हणून आमचं गाव लिहिलंय, मामाचं नाही. त्याच्या आधीच्या ओळीत मामाने आपल्या वडिलांच्या नावाआधी कै. लिहिलंय. पोराने बापाच्या नावाआधी काही लिहिलेलं नाही.

हॉस्पिटलांना दोन्हीकडे अर्ज दिलेत, अजून उत्तर नाही.

निवृत्त_भाऊसाहेब

वाचलं. दोन गोष्टी सांगतो, रागावू नका. एक, बेपत्ता माणूस कायद्याने मेला असं धरायला सात वर्षं लागतात, इथे तीन वर्षांतच हिस्सा मोकळा करून घेतला. दोन, आईने पाट लावला असता तरी मुलाचा बापाकडचा हक्क जात नाही, तेव्हाही जात नव्हता. तो फेरफार मी मंजूर केला नसता असं म्हणायला आज सोपं आहे. त्या काळचा सर्कल इन्स्पेक्टर गावात यायचा, पाटलाच्या ओसरीवर बसायचा, दोन माणसं उभी राहायची आणि सही व्हायची. निफाडला नऊ वर्षांच्या पोराला नोटीस कोण वाचून दाखवणार होतं.

आता त्या गावात गेलात की आडनाव विचारू नका. भाचे कुठे राहतात विचारा. मामाच्या गावी राहिलेल्या माणसाची चार पिढ्यांनंतरही गावात तीच ओळख असते.

बघ्या_नाशिक

मी मागे जे बोललो ते परत घेत नाही. पण ती सहीची गोष्ट वाचून जरा कसंतरी झालं.

सिडकोतला_सिन्नरकर

भाऊसाहेब, रागावलो नाही. गावातल्या एका ओळखीच्या द्राक्षवाल्याला फोन केला आणि तुम्ही सांगितलं तसं विचारलं. तो लगेच म्हणाला, भाच्यांचा मळा ना, कॅनॉलच्या पलीकडे, आहेत की, तिघं भाऊ आहेत, तुम्ही कोण त्यांचे? मला उत्तर देता आलं नाही, नंतर सांगतो म्हणालो.

काकांनी पूजा पुढे ढकललीय. गुरुजी म्हणे, मुलाचा वंश आहे म्हटल्यावर हा अधिकार आधी त्यांचा, त्यांना विचारा. वडील आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हते, काल जेवताना फक्त एवढंच विचारलं की जायचं कधी ठरवलंयस. जमिनीचं काय, ते मला आत्ता माहीत नाही, कुणी विचारू नका.

रविवारी निघतोय. मी एकटाच जाणार होतो, पण आजीने सकाळी ट्रंक उघडून दोन खण आणि एक नारळ काढून पिशवीत भरलाय. त्या घरात सुना असतीलच म्हणते. आणि गाडीत पुढे बसणार आहे.